मौलाना आझाद : जिभेचा रोजा

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून निघालेली एक खास रेल्वेगाडी चिंचवड स्टेशनवर थांबली. आदल्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला होता आणि पहाटेच पोलिसांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना ताब्यात घेतले होते. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना चिंचवडला उतरवून मोटारीने पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. कार्यकारिणीच्या सदस्यांचा प्रवास पुढे अहमदनगरच्या किल्ल्याकडे सुरू राहिला. त्यांच्यात काँग्रेसचे अध्यक्षही होते. वय त्रेपन्न, अंगात शेरवानी, टोकदार दाढी, बोलणे मोजके. त्यांचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

खेड तालुक्यातली कुरुळी तेव्हा शेतीवर जगणारे गाव होती. आज चाकणच्या कारखान्यांमुळे तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत भिंतीला भिंत लावून राहतात. एकाची सहेरीची वेळ तीच दुसऱ्याची पहिल्या पाळीला निघण्याची वेळ. अशा वस्तीत शेजारधर्म टिकतो तो साध्या बोलण्याचालण्यावर. माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करून पुढारीपण मिळवणारे आले की पहिला घाव याच बोलण्याचालण्यावर बसतो. मौलाना आझादांनी हा घाव स्वतः सोसला. एकेकाळी त्यांची लेखणीही धारदार होती. म्हणूनच त्यांचे आयुष्य रमजानच्या दिवसांत पुन्हा पाहण्यासारखे आहे.

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे विद्वान आणि पीर. कुटुंब कलकत्त्यात येऊन स्थायिक झाले. मुलाला कोणत्याही शाळेत घातले नाही. अरबी, फारसी, तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्र हे सारे घरातच शिकवले गेले. वडिलांच्या गादीवर बसून मुरीदांचे नजराणे घेणे या मुलाला सहज शक्य होते. त्याने लेखणी धरली आणि ‘आझाद’ हे नाव घेतले. वडिलोपार्जित समजुतींच्या बंधनातून आपण मोकळे झालो, असे त्याला त्या नावातून सांगायचे होते.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचे ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू झाले. त्या वेळी ते चोविशीतही पोचले नव्हते. इंग्रजांशी जुळवून घेण्यातच मुसलमानांचे हित आहे, असे मानणाऱ्या अलीगढच्या पुढाऱ्यांवर त्यांनी झोड उठवली. स्वातंत्र्याच्या लढ्यात हिंदू बांधवांच्या बरोबरीने उतरणे हे मुसलमानाचे कर्तव्य आहे, हे त्यांनी धर्माच्या आधाराने मांडले. विचार नवा होता, भाषा विलक्षण होती. मात्र तिच्यात उपहास होता, समोरच्याला लोळवण्याचा तरुण आवेशही होता. वाचक भारावले आणि अलीगढची मंडळी दुखावली. सरकारने जामीनकीच्या रकमा मागून, त्या जप्त करून १९१४ मध्ये अंक बंद पाडला. पुढे ‘अल-बलाग’ निघाले, तेही टिकू दिले गेले नाही. १९१६ मध्ये आझादांना बंगालमधून हद्दपार केले गेले आणि १९१९ संपेपर्यंतचा काळ त्यांनी रांचीत काढला.

रांचीतली एक हकीकत त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवली. डिसेंबर १९१८ मधली रात्र होती. इशाची नमाज संपवून ते मशिदीबाहेर पडले, तेव्हा घोंगडी पांघरलेला एक माणूस मागे येताना दिसला. तो सरहद्दीपलीकडून, कंदाहारच्या वाटेने आला होता आणि बराचसा रस्ता त्याने पायी तुडवला होता. कुरआनातले काही भाग त्याला समजले नव्हते. ‘अल-हिलाल’ आणि ‘अल-बलाग’ वाचून, हा माणूस आपल्याला समजावून सांगेल असे वाटल्याने तो आला होता. काही दिवस राहिला आणि एके दिवशी न सांगताच निघून गेला. परतीच्या खर्चासाठी आपण पैसे देऊ करू, ही भीड त्याला पडली असावी, असे आझादांना वाटले. त्यांना त्याचे नावही आठवत नव्हते. ‘तर्जुमान-उल-कुरआन’ हे कुरआनाचे भाषांतर आणि भाष्य प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी तो ग्रंथ या निनावी वाटसरूला अर्पण केला. वास्तविक तो एखाद्या नवाबाला अर्पण करता आला असता.

याच ग्रंथात सूरह फातिहावरचे त्यांचे प्रसिद्ध विवेचन आहे. ही सूरह प्रत्येक नमाजेत म्हटली जाते. तिच्या आरंभी अल्लाहचे वर्णन ‘रब्बुल आलमीन’ असे येते, म्हणजे सगळ्या विश्वांचा पालनकर्ता. आझादांनी या शब्दावर फार भर दिला. जो सर्वांना पोसतो, तो एका कौमेच्या मालकीचा असू शकत नाही. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे, फरक पडतो तो आचारांत आणि वाटांत. वाटेच्या फरकावरून माणसांची टोळ्यांत विभागणी करणे हा धर्माचाच पराभव आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. अनेक उलेमांना ती पटली नाही आणि त्यावर वाद झाले. तरीही रांचीनंतरच्या आझादांच्या राजकारणाचा पाया हाच राहिला.

त्या काळच्या राजकारणाची घडण समजून घेतल्याशिवाय पुढची कथा उलगडत नाही. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आणले. मुसलमान मतदाराने मुसलमान उमेदवारच निवडायचा. कागदावर ही अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची तरतूद होती. प्रत्यक्षात तिचा एक परिणाम असा झाला की उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात मत मागायला जाण्याची गरजच उरली नाही. ज्याच्या मताची गरज नाही, त्याची भीड कशाला बाळगायची? आपल्याच लोकांपुढे दुसऱ्याविषयी जो जास्त कडवट बोलेल, त्याला जास्त टाळ्या. दोन्ही समाजांतल्या कडव्यांचे यात फावले, कारण एकाची भाषा दुसऱ्याला आयता दारूगोळा पुरवत होती.

खिलाफत आणि असहकाराच्या दिवसांत हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. ते वातावरण १९२३ पर्यंत विरले. एका बाजूला शुद्धी आणि संघटन, दुसऱ्या बाजूला तबलीग आणि तंजीम अशा चळवळी आमनेसामने आल्या. ठिकठिकाणी दंगे होऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत काँग्रेसचे खास अधिवेशन भरले आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आझाद त्याचे अध्यक्ष झाले. कायदेमंडळात जावे की न जावे, यावरून काँग्रेस तेव्हा दुभंगायच्या बेतात होती. आझादांनी दोन्ही गटांना एकत्र बांधून ठेवणारा मार्ग काढला. हिंदू-मुसलमान ऐक्याबद्दल त्यांनी तिथे जे सांगितले ते अनेकांना झोंबले असेल. स्वराज्य लांबणीवर पडले तर हिंदुस्थानचे नुकसान होईल. पण हे ऐक्य गेले तर अवघ्या माणुसकीचे नुकसान होईल, असे त्यांचे मत होते. ‘अल-हिलाल’मधला तलवार फिरवणारा तरुण आता मागे पडला होता. कैद, हद्दपारी आणि रांचीतल्या एकांताने त्याच्या जागी तोलून बोलणारा माणूस घडवला होता.

या तोलाची खरी परीक्षा १९३७ नंतर सुरू झाली. प्रांतिक निवडणुकांनंतर मुस्लिम लीगने आपणच मुसलमानांची एकमेव प्रतिनिधी आहोत, हा दावा जोरात पुढे केला. या दाव्याच्या आड सर्वांत जास्त येणारा माणूस म्हणजे आझाद. मक्केत जन्मलेला, कुरआनाचा भाष्यकार असलेला मुसलमान काँग्रेसमध्ये असेल, तर तो दावा टिकत नव्हता. मग त्यांचे मुद्दे खोडण्याऐवजी त्यांच्या मुसलमानपणावरच बोट ठेवण्यात येऊ लागले. कलकत्त्याच्या मैदानावर ईदच्या नमाजेची इमामत वर्षानुवर्षे आझादांकडे होती. लीगच्या प्रचाराने तापलेल्या वातावरणात त्यांच्या मागे उभे राहायला विरोध होऊ लागला आणि ते त्या जागेवरून दूर झाले. महिनाभराच्या रोजांनंतर सगळे वैर विसरून गळाभेट घ्यायचा तो दिवस. राजकारणाचे विष किती खोल उतरले आहे, हे समजायला याहून मोठा दाखला नको.

मार्च १९४० मध्ये रामगढच्या अधिवेशनात आझाद पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आपण मुसलमान आहोत याचा आपल्याला अभिमान आहे आणि आपण हिंदुस्थानी आहोत याचाही तितकाच अभिमान आहे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मांडल्या. त्याच आठवड्यात लाहोरला लीगने मुसलमानांच्या वेगळ्या राज्यांची मागणी करणारा ठराव केला. जुलैमध्ये आझादांनी जिनांना तार पाठवून एका राजकीय मुद्द्याचा खुलासा मागितला. जिनांनी त्यांच्याशी चर्चा करायलाच नकार दिला आणि काँग्रेसने देखाव्यासाठी बसवलेला मुसलमान असा शिक्का त्यांच्यावर मारला. या उत्तरात मुद्दा कुठेच नव्हता. समोरच्या माणसाला बोलण्याचा अधिकारच नाही, एवढेच त्यात सांगितले होते. आझादांनी त्या भाषेला त्याच भाषेत उत्तर दिले नाही.

मतभेद म्हणजे वैर नव्हे, हे आझाद आपल्या पक्षातही पाळत होते. ‘छोडो भारत’च्या आंदोलनाची वेळ आणि पद्धत याबद्दल जुलै १९४२ मध्ये त्यांचे आणि गांधीजींचे मत जुळत नव्हते. आझादांच्या आत्मकथनानुसार गोष्ट इतकी वाढली की त्यांनी अध्यक्षपद सोडावे, असे गांधीजींनी पत्रातून सुचवले आणि नंतर ते पत्र परत घेतले. महिनाभरातच दोघे त्या मुंबईहून निघालेल्या खास गाडीत बसलेले होते. ठराव होईपर्यंत वाद झाला. ठराव झाल्यावर अध्यक्षाने त्याची जबाबदारी घेतली आणि तुरुंगही पत्करला.

अहमदनगरच्या किल्ल्यात कार्यकारिणीचे बारा सदस्य होते. नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद यांच्याबरोबर महाराष्ट्राचे शंकरराव देवही तिथे होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. आझाद पहाटे उठून स्वतः चहा करीत आणि मित्राला पत्रे लिहीत. ती पत्रे पाठवायची सोय नव्हती, म्हणून ती साठत गेली आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. ज्यांना ती लिहिली होती ते हबीबुर्रहमान खान शेरवानी विद्वान गृहस्थ होते, पण आझादांच्या राजकीय लढ्यातले साथी नव्हते. त्यामुळे त्या पत्रांत खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्या आहेत, चहाची चव आहे, संगीत आहे, ईश्वराविषयीचे चिंतन आहे. ज्याच्याशी राजकारणाचे नाते नाही, त्याच्याशी मनातले सगळे बोलता येते, याचा हा पुस्तकभर पुरावा आहे.

किल्ल्यातच त्यांना जुलेखा बेगम यांच्या आजाराची खबर मिळाली. पत्नीला भेटण्यासाठी सरकारकडे अर्ज करण्याचा मार्ग होता. आझादांनी अर्ज केला नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यात जुलेखा बेगम गेल्या. तीन रमजान त्यांनी त्या किल्ल्यात पाहिले, १९४२, १९४३ आणि १९४४ चे. बाहेर या काळात लीगची ताकद वाढत गेली आणि काँग्रेसचा आवाज तुरुंगात कोंडलेला राहिला.

जून १९४५ मध्ये सुटका झाली, तेव्हा देश बदललेला होता. त्या महिन्यात सुरू झालेली सिमला परिषद एका मुद्द्यावर अडली आणि मोडली. व्हाइसरॉयच्या मंडळातले सगळे मुसलमान सदस्य लीगनेच सुचवावेत, अशी जिनांची अट होती. ती मान्य झाली असती, तर खुद्द काँग्रेसच्या अध्यक्षाला मुसलमान म्हणून काँग्रेसतर्फे मंडळात बसता आले नसते. मग निवडणुका आल्या. केंद्रीय कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या सगळ्या तीस जागा लीगने जिंकल्या. त्या प्रचाराच्या दिवसांत आझाद रेल्वेने जात असताना अलीगढ स्टेशनवर विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांची विटंबना केली. पन्नाशी ओलांडलेला आलिम, कुरआनाचा भाष्यकार, आणि त्याला शिवीगाळ करणारी मुले सुशिक्षित घरांतली होती. मोठ्यांनी व्यासपीठावरून जे सभ्य शब्दांत पेरले, ते मुलांनी फलाटावर असभ्य शब्दांत उगवून दाखवले.

पुढची पायरी रक्ताची होती. १६ ऑगस्ट १९४६ रोजी, लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ला, आझादांच्या कलकत्त्यात कत्तल सुरू झाली. तेव्हाही रमजान चालू होता. काही दिवसांत हजारो हिंदू आणि मुसलमान मारले गेले. नंतर नोआखालीत हिंदूंवर आणि बिहारमध्ये मुसलमानांवर तोच प्रसंग आला. वर्षभराने १५ ऑगस्ट १९४७ उजाडला, तोही रमजानच्या अखेरच्या दिवसांत. पंजाब पेटलेला होता. सप्टेंबरमध्ये दिल्लीतही मोहल्लेच्या मोहल्ले उठले आणि मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून पुराना किल्ल्याच्या छावणीत गेली.

२३ ऑक्टोबर १९४७ रोजी आझाद जामा मशिदीत उभे राहिले. ज्यांनी त्यांना गद्दार ठरवले होते, त्यांच्यातलेही अनेक समोर बसलेले असणार. आझादांनी त्यांना खडे बोल सुनावले. आपण हाका मारत होतो तेव्हा तुम्ही ऐकले नाही, ही वेदना त्यांनी लपवली नाही. तरी त्या भाषणाचा शेवट धीर देण्यात झाला. हा देश तुमचा आहे, जाऊ नका, भीती टाका, एवढेच त्यांना अखेर सांगायचे होते. हिशेब चुकता करण्याची सगळ्यांत मोठी संधी हाती असताना त्यांनी ती वापरली नाही.

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केले. उपोषण सोडण्याच्या अटी आझादांनी जाहीर सभेत लोकांपुढे ठेवल्या. त्या अटी राज्यघटनेच्या नव्हत्या, रोजच्या जगण्याच्या होत्या. मुसलमानांना करोल बाग, सब्जीमंडी, पहाडगंज या भागांतून निर्धास्त फिरता यावे. रेल्वेने प्रवास करताना जिवाची भीती नसावी. मुसलमानांशी व्यवहार बंद ठेवण्याची मोहीम थांबावी. बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात. मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस नेहमीसारखा भरावा. हिंदू, शीख आणि मुसलमान प्रतिनिधींनी लेखी ग्वाही दिली आणि १८ तारखेला गांधीजींनी आझादांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपोषण सोडले. शहर पुन्हा शहर व्हायचे असेल, तर सुरुवात बाजार, रेल्वेचा डबा आणि उरूस यांपासून होते, हे त्या यादीने दाखवून दिले. बारा दिवसांनी गांधीजींची हत्या झाली.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून आझादांनी शेवटपर्यंत काम केले. १९५१ मध्ये खडगपूरला पहिली आयआयटी उभी राहिली, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला, संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी याच काळातल्या. पण त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा प्रसंग फेब्रुवारी १९४९ मधला आहे. अलीगढ विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ते प्रमुख वक्ते म्हणून गेले. तरुणपणी त्यांनी ज्या अलीगढला झोडपले होते, ज्याच्या विद्यार्थ्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचा अपमान केला होता, तेच हे अलीगढ. फाळणीनंतर ही संस्था संशयाच्या छायेत होती. आझादांनी तिला आधार दिला आणि विद्यार्थ्यांना नव्या भारतात आत्मविश्वासाने पाऊल टाकायला सांगितले.

आझाद निर्दोष होते असे नाही. त्यांना गर्दी आवडत नसे. त्यांची उर्दू विद्वानांना मोहवी, पण खेड्यातल्या मुसलमानाच्या डोक्यावरून जाई. विरोधक गल्लोगल्ली फिरत असताना ते बऱ्याचदा आपल्या खोलीत पुस्तकांच्या सोबत राहिले. फाळणी त्यांना रोखता आली नाही. चांगल्या बोलण्याने निवडणूक जिंकता येतेच असे नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. पण कडवट बोलून जिंकलेल्यांच्या मागे कलकत्ता, नोआखाली, बिहार आणि पंजाब उरले. आझादांच्या संयमामुळे एक गोष्ट शिल्लक राहिली : १९४७ च्या वणव्यानंतर ज्याच्याशी दोन्ही बाजूंना बोलता येईल असा एक माणूस. जामा मशिदीत तो मुसलमानांपुढे उभा राहू शकला आणि उपोषणाच्या वेळी दिल्लीच्या हिंदू-शीख जनतेपुढेही. सगळे दोर कापले गेल्यावर असा एखादा दोर फार मोलाचा असतो.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

रोजा म्हणजे निव्वळ उपाशी राहणे नाही, हे प्रत्येक रोजेदाराला लहानपणापासून शिकवले जाते. रोजात कुणी भांडायला आला, शिवी दिली, तर उलट शिवी देऊ नये. आपला रोजा आहे एवढे सांगून बाजूला व्हावे, ही पैगंबरांची शिकवण आहे. पोटाचा रोजा मगरिबच्या अजानला सुटतो. जिभेचा रोजा सुटायला अशी वेळ ठरलेली नाही. निवडणुका येतात आणि जातात. मत मागणारे आपापल्या गावी परततात. कुरुळीतल्या एका भिंतीआडची दोन घरे मात्र तिथेच राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, एकाच बसने कारखान्यात जातात. पुढाऱ्याने मंचावरून सोडलेला शब्द त्या नळापर्यंत पोचू द्यायचा की नाही, हे ठरवणे पुढाऱ्याच्या हातात नाही. ते पाणी भरणाऱ्यांच्या हातात आहे.